जमशेटजी टाटा आणि विजेचा पाळणा

वैशाखांत ओढे कोरडे पडले तरी वरसे-रोह्याकडील आमची कुंडलिका वाहतच असते. मुळशीच्या तलावाचें पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरून नळांवाटे सुमारें ५०० मीटर खालीं भिऱ्यास येतें, तेथील विद्युद्गृहांतील चक्रें फिरवितें आणि मग नदीस मिळतें. ती वीज मुंबईस जाऊन उंच इमारतींतील लिफ्ट, ज्यांस आम्ही पाळणे म्हणूं, वर नेते. इकडे पाणी उतरतें तेव्हां तिकडे माणूस चढतो! घाटमाथ्यावरील पाण्यानें मुंबईस वीज पुरविण्याचा ध्यास ज्यांनीं घेतला, त्या जमशेटजी टाटांचा हा अल्प परिचय.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजीं नवसारीस पारशी धर्मोपदेशकांच्या घराण्यांत झाला. एल्फिन्स्टन कॉलेजांतील शिक्षण आटोपून ते वडिलांच्या व्यापारांत शिरले व १८७७ सालीं त्यांनीं नागपुरास एम्प्रेस मिल सुरू केली. पोलादाचा कारखाना व बंगळूरची विज्ञानसंस्था हे त्यांचे संकल्प सर्वश्रुत असल्यामुळें त्यांचा विस्तार आम्ही करीत नाहीं.

मुंबईच्या गिरण्या त्या काळीं दूरवरून आणिलेल्या दगडी कोळशावर चालत. खर्चहि मोठा आणि धूरहि मोठा. जमशेटजींनीं १९०३ च्या डिसेंबरांत ताजमहाल हॉटेल उघडलें, तेव्हां त्यांत विजेचे दिवे, अमेरिकेचे पंखे आणि जर्मनीचे पाळणे होते. शहरांत वीज दुर्मिळ असतां हा खर्च पुष्कळांस छांदिष्टपणा वाटला असेल. आम्हांस त्यांत दूरदृष्टि दिसते.

पाळणा सगळें ओझें विजेच्या बळावरच उचलतो, असा आमच्या विद्यार्थ्यांचा समज असतो. तसें नाहीं. दोराच्या एका टोकास पाळणा व दुसऱ्या टोकास लोखंडी वजनांचा तोल असतो. रिकामा पाळणा, अधिक त्यांत मावणाऱ्या भाराचा सुमारें निम्मा भाग, इतका जड हा तोल ठेवितात. आठ जणांच्या पाळण्यांत चौघे असले म्हणजे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या होतात आणि मोटारीस मुख्यतः घर्षणाशींच झुंजावें लागतें. आडव्या वाशाच्या टोकास दगड बांधून विहिरींतून पाणी काढणारा कोंकणी बागाईतदार हीच युक्ति योजीत आला आहे. भरलेला पाळणा खालीं येतांना, किंवा रिकामा वर जातांना, जड बाजू आपल्या भारानेंच उतरते. तेव्हां मोटार उलट वीज उत्पन्न करूं शकते. पूर्वीं ही शक्ति उष्णतेच्या रूपानें वायां जाई. नव्या यंत्रांत ती इमारतीच्या तारांत परत घालतां येते. पाळणा उभा असतांहि आंतील दिवा व पंखा वीज खातच असतात. म्हणून आतां ते आपोआप बंद होण्याची सोय करितात.

ही काटकसर पाहण्यास जमशेटजी राहिले नाहींत. १९ मे १९०४ रोजीं जर्मनींत नाउहाइम येथें ते वारले. त्यांच्या पुत्रांनीं योजना पुढें नेली. १९१० सालीं कंपनी निघाली आणि १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळाली.

मुळशीचें धरण त्यांच्या पश्चात् झालें, आणि तें सुखानें झालें नाहीं. आपली शेतें वांचविण्यासाठीं तेथील मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. त्यांचे पुढारी सेनापति बापट यांनीं तुरुंगवास सोसला. तरी धरण उभें राहिलें व १९२७ सालीं भिऱ्याचीं चक्रें फिरूं लागलीं. मुंबईकर पाळण्याची कळ दाबतो, तेव्हां जें पाणी त्याच्या कामीं येतें तें त्या बुडालेल्या भातशेतांवर उभें असलेलेंच पाणी आहे.