वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल, १८९५ – २९ ऑक्टोबर, १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ होते. कर्करोग व कुष्ठरोग यांवरील संशोधनासाठी ते ओळखले जातात. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख केला जातो.

लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. झाल्यावर त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात व पुढे सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा त्यांनी सांभाळली. तोंडाच्या कर्करोगाच्या सलग १,००० रुग्णांचा त्यांचा आढावा १९४४ साली प्रसिद्ध झाला. तंबाखू चघळणे, विडी ओढणे या सवयी आणि गाठ उद्भवण्याची जागा यांची सांगड त्यांनी घातली. १९५२ साली स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक होते.

==कुष्ठरोगावरील संशोधन==

बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा येथे कुष्ठरुग्णांसाठी काम उभारले, त्याच सुमारास खानोलकर मुंबईत या रोगाच्या अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे छेद सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. त्वचेवर फारसे काही दिसत नसतानाही जंतू मज्जातंतूंत शिरलेले असतात, हे त्यांनी दाखवले. जंतू मज्जातंतूच्या अक्षतंतूतून वर सरकतात, असे त्यांचे मत होते. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने जंतूंचे मुख्य आश्रयस्थान श्वान पेशी असल्याचे दिसले. मतातील हा भाग बदलला, तरी कुष्ठरोग मुळात मज्जातंतूंचा रोग आहे हा त्यांचा आग्रह टिकला.

बहुजंतू प्रकारच्या कुष्ठरोगात लसीका ग्रंथीही सुजतात. अशा ग्रंथीच्या छेदात फेसाळ पेशीद्रव्याच्या भक्षक पेशींचे थर दिसतात व त्यांत जंतूंचे पुंजके असतात. ही गाठ कर्करोगाची नसते. मात्र भक्षक पेशींनी ग्रंथी भरून टाकणारे इतर विकारही आहेत, त्यामुळे केवळ नेहमीच्या रंजनावर विसंबल्यास निदान चुकू शकते. जंतूंना लाल रंग देणारे फाइट-फॅराको पद्धतीचे रंजन येथे निर्णायक ठरते. चंद्रपूर, गडचिरोलीसारख्या कुष्ठरोग आढळणाऱ्या जिल्ह्यांत हा फरक रुग्णाच्या उपचारांची दिशाच ठरवतो.

==सन्मान==

भारत सरकारने १९५४ साली त्यांना पद्मभूषण दिले. आंतरराष्ट्रीय कर्करोग विरोधी संघाचे अध्यक्षपद व मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपदही त्यांनी भूषविले.