शास्त्रीय नावातला मराठी मासा

शास्त्रीय नावं म्हटली की मुलं कंटाळतात. पण 'रोहटी ओगिल्बी' हे नाव एकदा फळ्यावर लिहून बघा. यातला पहिला शब्द चक्क आपल्या मराठी मुलखातला आहे!

रोहटी हा कृष्णा आणि गोदावरीच्या खोऱ्यातला छोटा मासा. वीतभरही नसतो. अंग चंदेरी, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं चपटं. पाठीवरच्या परात एक मजबूत, दातेरी काटा. त्याला हे नाव दिलं कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी.

साइक्स यांचा जन्म १७९० चा, इंग्लंडमधला. ते लहान वयातच ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात आले. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईत ते पेशव्यांच्या विरुद्ध बाजूने लढले. पुढे १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांना दख्खनची आकडेवारी गोळा करण्याचं काम दिलं. लोकसंख्या, शेती, हवामान यांच्या नोंदी घेता घेता त्यांनी इथले पक्षी, प्राणी आणि भीमा, मुळा-मुठा अशा नद्यांतले मासेही अभ्यासले. नुकत्याच पकडलेल्या माशांची मापं घेऊन चित्रं काढून घेतली.

१८३१ मध्ये ते मायदेशी परतले. १८३९ मध्ये त्यांचा दख्खनच्या माशांवरचा लेख लंडनमध्ये छापून आला. त्यात बहुतेक माशांना त्यांनी स्थानिक नावंच ठेवली: खुद्री, शिंगटी, टाकरी. कारण साधं होतं. पुढे येणाऱ्या अभ्यासकाने नदीकाठी तेच नाव विचारलं की मासा मिळावा! रोहटीच्या नावातलं 'ओगिल्बी' मात्र प्राणिशास्त्रज्ञ विल्यम ओगिल्बी यांच्यावरून आलं.

साइक्स पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले, खासदार झाले आणि १८७२ मध्ये वारले. या माशांच्या नावापुढे आजही 'साइक्स, १८३९' असं लिहितात. ज्या मासेमारांच्या तोंडून हे शब्द आले, त्यांची नावं मात्र तिथे नाहीत.

म्हणून परिसर अभ्यासात एक उपक्रम जरूर घ्या. मुलांना आजी-आजोबांकडून, मासे धरणाऱ्या शेजाऱ्यांकडून नदीतल्या माशांची नावं विचारून आणायला सांगा. मासा कसा दिसतो, कुठे सापडतो, पूर्वी मिळायचा की अजूनही मिळतो, हेही लिहू द्या. आणि बरं का, सांगणाऱ्याचं नावसुद्धा वहीत नक्की लिहायला लावा.