लेओनार्ड ऑयलर

स्वित्झर्लंड देशातील बाझल नगरात 15 एप्रिल 1707 रोजी लेओनार्ड ऑयलरचा जन्म झाला. त्याचे वडील धर्मोपदेशक होते. पुत्रानेही तोच मार्ग धरावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बेर्नुली या थोर गणितज्ञाने लेओनार्डची असामान्य बुद्धी ओळखली आणि तो गणिताकडे वळला. 1727 साली तो रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील विद्वत्संस्थेत दाखल झाला.

ज्या संख्येला एक व ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने निःशेष भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात. दोन या संख्येचा वर्ग चार, चाराचा वर्ग सोळा. असे वर्ग करीत जावे आणि दोनपासून प्रत्येक संख्येत एक मिळवावा. मग 3, 5, 17, 257 व 65,537 या संख्या मिळतात. या पाचही मूळ आहेत. यावरून पुढील सर्व संख्याही मूळच असतील, असे सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ फर्मा याला वाटले. फर्माचा अधिकार मोठा होता. परंतु ऑयलरने केवळ त्यावर विसंबून न राहता सहावी संख्या पारखली. ती 4,29,49,67,297 होती. तिला 641 ने निःशेष भाग जातो, हे त्याने 1732 साली दाखवून दिले. त्या वेळी तो अवघा पंचवीस वर्षांचा होता.

पुढे 1738 च्या सुमारास त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. 1741 पासून पंचवीस वर्षे बर्लिन येथे काढून तो पीटर्सबर्गला परतला. तेथे दुसरा डोळाही निकामी झाला. 1771 साली घराला आग लागली. तथापि त्याचे कार्य थांबले नाही. तो सांगे आणि पुत्र व शिष्य लिहून घेत.

1772 साली त्याने 2,14,74,83,647 ही संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले. तिची परीक्षा घ्यायची, तर 46,340 पर्यंतच्या चार हजारांहून अधिक मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागले असते. परंतु ऑयलरने आधी विचार केला. 248 ने भागले असता ज्यांची बाकी 1 किंवा 63 उरते, अशाच मूळ संख्या तिच्या विभाजक असू शकतात, हे त्याने ओळखले. अशा संख्या शंभरही नव्हत्या. त्यांपैकी एकीनेही भाग गेला नाही! पुढे अनेक दशके याहून मोठी मूळ संख्या कोणास ठाऊक नव्हती.

18 सप्टेंबर 1783 रोजी ऑयलरचे निधन झाले. चार-पाच उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही, हे त्याने तरुणपणी दाखविले. आणि डोळ्यांपुढे अंधार असतानाही विचाराच्या प्रकाशात सत्य शोधता येते, हे वृद्धापकाळी.