मिरजेचे डॉ. वानलेस : वॉर्डाशेजारीच भरली डॉक्टरकीची शाळा

इंदूरच्या पलासियात राहून एमवाय हॉस्पिटलात शिकायला जाणाऱ्या मुलांना पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून शिकणं नवं वाटत नाही. इंदूरला वैद्यकीय शाळा १८७८ पासूनच होती. आपल्या सीमाभागातल्या मुलांना मात्र त्या काळी अशा शिक्षणासाठी पुणे-मुंबई गाठावी लागे. ही सोय मिरजेत आणली डॉ. विल्यम वानलेस यांनी.

त्यांचा जन्म १८६५ सालचा, कॅनडातला. न्यूयॉर्कला डॉक्टरकी शिकून ते १८८९ मध्ये पत्नी मेरी यांच्यासह मिशनरी म्हणून सांगलीकडे आले. वय अवघं चोवीस. आधी छोटा दवाखाना चालवला आणि १८९४ मध्ये मिरजेत हॉस्पिटल उघडलं. मिरज रेल्वेचं जंक्शन, त्यामुळे मराठी आणि कानडी मुलखातून गाड्या भरून पेशंट यायचे. मोतीबिंदूपासून पोटाच्या ऑपरेशनपर्यंत सगळं इथंच व्हायचं.

पण एका डॉक्टरचे दोन हात किती जणांना पुरणार? म्हणून १८९७ मध्ये त्यांनी हॉस्पिटलला जोडूनच वैद्यकीय शाळा काढली. देशातल्या सुरुवातीच्या मिशनरी वैद्यकीय शाळांपैकी ही एक. मोठी डिग्री देणारं हे कॉलेज नव्हतं. पण इथला विद्यार्थी ज्या पेशंटांमध्ये शिकायचा, त्यांच्यासारख्याच लोकांची पुढं सेवा करायचा. धर्मप्रसार हाही मिशनचा हेतू होता, ते लपवायचं कारण नाही. तरी दवाखान्याची गरज सगळ्यांनाच होती.

कुष्ठरोग्यांसाठी आणि क्षयरोग्यांसाठीही त्यांनी वेगळी सोय उभी केली. क्षयरोग्यांच्या त्या जागेला आजही वानलेसवाडी म्हणतात. कोल्हापुरातलं एक हॉस्पिटल मेरी यांच्या नावानं ओळखलं गेलं. जवळपास चाळीस वर्षं राबल्यावर १९२८ मध्ये वानलेस यांना सर ही पदवी मिळाली. १९३३ मध्ये अमेरिकेत त्यांचं निधन झालं.

पुढं १९६२ मध्ये मिरजेत सरकारी मेडिकल कॉलेजही आलं. आज राज्य कुठलंही असो, एमबीबीएसच्या मुलांना इंटर्नशिपमध्ये ग्रामीण भागात काम करावंच लागतं. ते दिवस नुसत्या हजेरीपुरते गेले, तर गावाला डॉक्टर मिळणार कुठून? वानलेस यांनी शाळा पेशंटच्या दारात आणली होती. आपण निदान विद्यार्थ्याला तरी तिथवर नेऊ या.