जॉन स्नो: संगणकाच्या आधीचा ओपन डेटा

ओपन डेटा म्हटलं की आपल्याला पोर्टल, एपीआय, डॅशबोर्ड आठवतात. पण सरकारी नोंदी अभ्यासकाच्या हाती आल्या की काय होऊ शकतं, हे दाखवणारा माणूस संगणकाच्या खूप आधी होऊन गेला. त्याचं नाव डॉ. जॉन स्नो.

स्नोचा जन्म १५ मार्च १८१३ रोजी इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात झाला. वडील मजुरी करायचे. नऊ भावंडांत हा थोरला. चौदाव्या वर्षी तो न्यूकॅसलला एका डॉक्टरकडे शिकाऊ म्हणून राहिला. तिथेच १८३१-३२ च्या साथीत त्यानं कॉलऱ्यानं आजारी पडलेले खाणकामगार पाहिले. पुढे लंडनला येऊन तो डॉक्टर झाला. भूल देण्यात त्याचा हातखंडा होता. १८५३ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म द्यायला त्यालाच बोलावलं होतं.

कॉलरा घाणेरड्या हवेतून पसरतो, असं तेव्हाचे बहुतेक डॉक्टर मानत. स्नोनं १८४९ मध्ये छोटी पुस्तिका काढून सांगितलं, की तो पाण्यातून पसरतो. फारसं कुणाला पटलं नाही. पुरावा हवा होता.

यादी सरकारची, पायपीट स्नोची

इंग्लंडमध्ये १८३७ पासून मृत्यूंची सरकारी नोंद होत होती. नोंदणी कार्यालयातला विल्यम फार लंडनचे आकडे दर आठवड्याला छापून प्रसिद्ध करायचा. फारचा कल हवेच्या सिद्धांताकडे होता. तरीही त्यानं स्नोला पत्त्यांसकट नोंदी मिळू दिल्या.

ऑगस्ट १८५४ च्या शेवटी सोहो भागात साथ भडकली. स्नोनं त्या आठवड्यातल्या ८३ मृत्यूंची यादी मिळवली आणि तो प्रत्यक्ष पत्त्यांवर गेला. जवळजवळ सगळी घरं ब्रॉड स्ट्रीटच्या हातपंपाच्या आसपास होती. जवळच्याच अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ जण राहत, पण तिथे फक्त ५ दगावले. आश्रमाची विहीर स्वतःची होती! स्नोनं हे स्थानिक मंडळापुढे मांडलं आणि ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नोनं स्वतःच लिहून ठेवलंय.

एक रकाना कमी होता

त्याहून मोठं काम दक्षिण लंडनमध्ये सुरू होतं. तिथे एकाच गल्लीत दोन खासगी कंपन्यांचं पाणी यायचं. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी शहराचं सांडपाणी मिसळलेलं थेम्सचं पाणी द्यायची. लॅम्बेथ कंपनीनं १८५२ मध्ये आपला उपसा नदीच्या वरच्या बाजूला नेला होता.

मृत्यूच्या नोंदीत पत्ता होता, पण पाणी कुणाचं ते नव्हतं. भाडेकरूंनाही ते बरेचदा माहीत नसायचं. मग स्नो बाटलीत पाणी घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेट टाकायचा. पहिल्या कंपनीच्या पाण्यात मीठ कितीतरी जास्त असायचं, त्यामुळे कंपनी लगेच ओळखू यायची. आपल्या भाषेत सांगायचं तर पत्ता ही 'की' धरून त्यानं दोन टेबलं जॉइन केली.

निकाल असा: दर १०,००० घरांमागे पहिल्या कंपनीच्या घरांत ३१५ मृत्यू, लॅम्बेथच्या घरांत ३७. हे काम पाहून फारनंही दक्षिण लंडनच्या निबंधकांना सांगितलं, की कॉलऱ्याच्या मृत्यूसोबत घराला पाणी कुणाचं येतं तेही लिहा.

स्नो १६ जून १८५८ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी वारला. त्याचं म्हणणं तेव्हाही सर्वमान्य नव्हतं. १८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये साथ आली, तेव्हा फारनं आकडे पाहिले आणि दोष पाण्याचा आहे हे उघडपणे मांडलं.

आपल्यासाठी यात काय?

नुसत्या एकूण बेरजेतून हे कधीच दिसलं नसतं. आजही एखाद्या पालिकेनं गॅस्ट्रोच्या रुग्णांचा वॉर्डनिहाय आकडा पीडीएफमध्ये टाकला, तर तो वाचता येतो, पण कशाला जोडता येत नाही. रुग्णाचं नाव-पत्ता उघड करू नये, हे बरोबरच आहे. पण तारीख आणि पाणी कुठल्या टाकीवरून येतं, एवढे दोन रकाने साध्या सीएसव्ही फाइलमध्ये दिले, तरी कुठली लाइन तपासायची ते कळू शकतं. डेटा मागताना म्हणूनच आधी विचारा: हा कशाशी जोडता येईल?