वसईच्या वाळूतले खंदक आणि चिमाजी आप्पा



मे महिन्यात आपल्या गावोगावच्या क्रुसापाशी संध्याकाळी रोझरी होते. त्याच महिन्यात वसईच्या किल्ल्यात चिमाजी आप्पांच्या पुतळ्याला हार घातले जातात. नालासोपाऱ्याहून किल्ला काही फार लांब नाही. तरीही आपल्या घरांत आप्पांचे नाव निघाले की मराठे आले आणि चर्चे ओस पडली, एवढ्यावर गोष्ट संपते. शेजारच्या घरात तीच गोष्ट विजयाच्या घोषणेवर संपते. मधल्या माणसाची ओळख दोन्हीकडे राहून जाते. म्हणून या रविवारी आम्ही त्यांचेच चरित्र थोडक्यात सांगणार आहोत.

चिमाजींचा जन्म 1707 सालचा. पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचे ते धाकटे चिरंजीव. थोरले बाजीराव त्यांच्याहून सात वर्षांनी मोठे. 1720 साली वडील वारले, पेशवाईची वस्त्रे बाजीरावांना मिळाली आणि हा धाकटा भाऊ त्यांचा उजवा हात झाला. 1728 मध्ये माळव्यात अमझेऱ्याच्या लढाईत त्यांनी गिरिधर बहादुराचा पराभव केला. 1730 मध्ये पुत्र सदाशिवच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत पत्नी रखमाबाई गेल्या. (हाच सदाशिव पुढे 1761 साली पानिपतावर पडला.) 1736 मध्ये कोकणात सिद्दी सात त्यांच्याशी लढताना मारला गेला. एवढ्या मोहिमा केल्या, पण प्रकृती मुळातच नाजूक होती, हे लक्षात ठेवावे.

आता आपल्या वसईकडे येऊ. 1534 पासून हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. त्यांच्यामुळे आपल्या पूर्वजांपर्यंत सुवार्ता पोहोचली, याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. पण त्याच राज्यात हिंदू शेजाऱ्यांच्या उघड पूजाअर्चेवर बंदी होती आणि त्यांची अनाथ मुले कायद्याने ताब्यात घेऊन ख्रिस्ती केली जात. हे लिहिताना हात जड होतो, तरी लिहिले पाहिजे. कारण या युद्धाचे मूळ बऱ्याच अंशी तिथे आहे. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी हे गाऱ्हाणे पेशव्यांपर्यंत नेले. 1737 च्या उन्हाळ्याच्या तोंडावर ठाणे आणि साष्टी मराठ्यांनी घेतली. आपल्या जवळचा अर्नाळाही त्याच वेळी पडला. वसई मात्र दोन वर्षे हाती येईना. शिड्या लावून तटावर चढण्याचे प्रयत्न झाले आणि फसले.

1739 च्या आरंभी आप्पा स्वतः मोठी फौज घेऊन उत्तर कोकणात उतरले. जानेवारीत तारापूर घेतले. तिथे त्यांचा जिवलग सरदार बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडला. त्याच्या आईला आप्पांनी सांत्वनाचे पत्र पाठवले. ऐन मोहिमेत, पुढच्या वेढ्याची तयारी चालू असताना, सेनापती एका आईला पत्र लिहायला बसतो. त्यांच्या सगळ्या लढायांपेक्षा आम्हाला हीच गोष्ट अधिक आठवते.

फेब्रुवारीत वसईचा शेवटचा वेढा सुरू झाला. ज्यांनी किल्ला पायी फिरून पाहिला असेल त्यांना ठाऊक आहे की तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. कोरडी जमीन काय ती उत्तरेकडे. तीही वाळूची. खंदकातले युद्ध म्हटले की आपल्याला 1914 ते 1918 मधला फ्रान्स आठवतो. पण त्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी आपल्याच वाळूत मराठी शिपाई कुदळी घेऊन मोर्चे खणत होते आणि वाळू ती, ढासळायची. वरून तोफा, बंदुका, हातबॉम्ब आणि दगड यांचा मारा. रोज थोडे थोडे पुढे सरकायचे आणि तटाच्या पायापर्यंत भुयार नेऊन त्यात दारू ठासायची. असे जवळजवळ तीन महिने चालले, तेही चैत्र-वैशाखाच्या उन्हात. आतल्या लोकांचे हालही कमी नव्हते. तटावर पोर्तुगीज शिपायांच्या बरोबरीने इथलेच ख्रिस्तीही उभे होते. त्यांचा सेनापती सिल्व्हेरा वेढ्यातच मारला गेला आणि काएतान द सौझा परेरा याने जागा घेतली.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात संत सेबास्तियन बुरुजाखालचे सुरुंग उडवले. भिंतीला खिंडार पडताच मराठे आत घुसू लागले. तेवढ्यात मागे राहिलेला सुरुंग उशिरा पेटला आणि आपलीच माणसे त्यात उडाली. तरी दुसऱ्या दिवशी ती पुन्हा चढली. या वेढ्यात आपले मेलेले आणि जखमी मिळून पाच हजारांवर गेले, अशी कबुली मराठ्यांनी स्वतः दिली. पोर्तुगीजांकडचा आकडा आठशेच्या आसपास सांगतात.

16 मे 1739 रोजी शरणागतीचा तह झाला आणि 23 मे रोजी पोर्तुगीजांनी किल्ला सोडला. (काही पुस्तकांत 5 आणि 12 मे दिसते. तिथे युरोपातले जुने, 11 दिवस मागे असलेले कॅलेंडर धरले आहे. दिवस तेच.) अशी किंमत मोजून जिंकलेला सेनापती काय करील, याची कल्पना करा. आप्पांनी शत्रूला हत्यारांसह, नगारे वाजवत, निशाणे फडकावत जाऊ दिले. आवराआवरीला आठ दिवस दिले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मुभा आणि तीन चर्चेही तहात मान्य झाली.

एका पोर्तुगीज स्त्रीला त्यांनी सन्मानाने परत पाठवले, अशी आख्यायिका आपण ऐकली असेल. तशीच गोष्ट शिवाजी महाराज आणि कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची सांगतात. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला शिकवले होते की गोष्ट सुंदर आहे म्हणून ती घडली असे होत नाही. आमच्या मते आप्पांची परीक्षा तहाच्या कलमांवर करावी, आणि तिथे ते उतरतात.

कलमांनी सगळे दुःख भरून आले असे मात्र नाही. युरोपीय संन्यासी निघून गेले, मठ ओस पडले, कित्येक चर्चे ढासळली. काही कुटुंबे पुन्हा हिंदू झाली. उरलेल्यांना गोव्याहून आलेल्या देशी धर्मगुरूंनी सांभाळले. आपण त्यांचेच वंशज. 1760 च्या सुमारास आंकेतिल द्यू पेराँ हा फ्रेंच विद्वान साष्टीतून फिरला. मराठ्यांच्या राज्यात ठाण्याच्या सणाला हजारो ख्रिस्ती मोकळेपणाने चाललेले त्याने पाहिले आणि लिहून ठेवले.

आप्पांना हा विजय फार दिवस लाभला नाही. एप्रिल 1740 मध्ये रावेरखेडीला बाजीराव वारले आणि त्याच वर्षी 17 डिसेंबरला पुण्यात आप्पाही गेले. वय उणेपुरे 33. पुण्याच्या ओंकारेश्वर मंदिराच्या आवारात त्यांची समाधी आहे.

किल्ल्यात पोर्तुगीज सरदारांच्या कबरींचे कोरीव दगड फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये अजून जमिनीत बसवलेले दिसतात. नावे, घराण्याची चिन्हे, सगळे आहे. सेनापतीचा पुतळा आहे. मोर्चात खणता खणता मेलेल्यांच्या नावाचा मात्र तिथे दगड नाही, आणि तटावर पडलेल्या आपल्या माणसांच्याही नावाचा नाही. संत गोन्सालो गार्सिया यांच्या सणाला आपण किल्ल्यात जातो. तेव्हा मिस्सा झाल्यावर घाईने गाडी गाठण्याआधी सेबास्तियन बुरुजापर्यंत चालत जावे आणि या दोन्हीकडच्यांसाठी एक आमच्या बापा म्हणावे, अशी आमची विनंती आहे.

वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांत बांधल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे, तिच्यावर 1721 साल आहे. दुसरी वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरिया मातेची आकृती आणि 1707 हे साल आहे, म्हणजे ज्या वर्षी चिमाजी जन्मले तेच. देवळात येणारी मंडळी ती घंटा आजही वाजवतात.