विश्लेषण : ‘मेट्रो’च्या चौकाला ज्यांचे नाव आहे, ते वासुदेव बळवंत फडके कोण होते?

गिरगाव किंवा धोबीतलावच्या माणसाला ‘वासुदेव बळवंत फडके चौक’ कुठे आहे असे विचारले, तर तो क्षणभर गोंधळतो. ‘मेट्रो सिनेमा’ म्हटले की लगेच बोट दाखवतो. चौक तोच. आद्य क्रांतिकारक म्हणून शाळेत ज्यांच्यावर चार ओळी असतात, ते फडके याच शहरात कारकून होते. पुढे त्यांनी इंग्रजांशी लढाई मांडली ती डोंगरातल्या माणसांना बरोबर घेऊन. ती सहा महिनेही टिकली नाही.

कारकून बंडखोर कसा झाला?

फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळच्या शिरढोणचा. आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. नातवाने मुंबईत ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, मग ग्रँट मेडिकल कॉलेजचे कार्यालय आणि शेवटी लष्कराचे कमिसरिएट खाते अशा नोकऱ्या केल्या. १८६५ मध्ये बदली पुण्याला झाली. गावी आई अत्यवस्थ असल्याचे कळल्यावर त्यांनी रजा मागितली, ती वेळेवर मिळाली नाही. ते पोहोचले तेव्हा आई गेलेली होती. वर्षश्राद्धालाही रजा नाकारली गेली. या प्रसंगावर चरित्रकारांनी बराच भर दिला आहे, पण एवढ्याने कोणी बंड करत नाही. न्यायमूर्ती रानडे यांच्या व्याख्यानांतून देशातला पैसा बाहेर कसा जातो, हे ते ऐकत होते. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शस्त्रेही शिकत होते. वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन उभे करण्यातही त्यांचा हात होता. म्हणजे सनदशीर वाट त्यांना ठाऊक नव्हती असे नाही.

निर्णायक ठरला तो १८७६ पासूनचा दुष्काळ. फडके गावोगाव फिरले. धान्य नाही, काम नाही आणि सारा मात्र भरायचा, हे त्यांनी पाहिले. पुण्यातले सुशिक्षित सहानुभूती दाखवत, पण हत्यार उचलायला कोणी तयार होईना.

रामोशीच का?

याचे उत्तर फडके यांच्यापेक्षा जुने आहे. पुरंदरच्या परिसरातले रामोशी गडांचे राखणदार आणि गावांचे रखवालदार. त्याबद्दल वतन आणि हक्क मिळत. पेशवाई बुडाल्यावर गड सरकारजमा झाले, राखणीचे हक्क आटले आणि कालचे पहारेकरी सरकारी कागदांत दरोडेखोर ठरले. उमाजी नाईकांनी याच डोंगरांत इंग्रजांना वर्षानुवर्षे झुंजवले. १८३२ मध्ये त्यांना पुण्यात फाशी झाली. सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांची, राघोजी भांगरे यांची कथा अशीच. त्यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्यामुळे डोंगराच्या वाटा माहीत असलेली आणि गमावण्यासारखे फारसे न उरलेली माणसे फडके यांना इथेच सापडणार होती.

फेब्रुवारी १८७९ मध्ये पुण्याबाहेर लोणीजवळ जमाव उभा राहिला. शिरूर तालुक्यातल्या धामारीवर पहिला छापा पडला. हाती आली ती रक्कम सैन्य उभारायला अगदीच तुटपुंजी. पुढचे छापेही सावकार आणि श्रीमंतांच्या घरांवर होते. मे महिन्यात दौलतराव नाईक यांनी कोकणात उतरून मोठी लूट मिळवली. परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठले आणि दौलतराव मारले गेले. बंडाचा कणा तिथेच मोडला. फडके यांनी आत्मचरित्रात रामोश्यांच्या लुटीच्या हव्यासाबद्दल तक्रार केली आहे. ती समजण्यासारखी असली तरी पुरती न्याय्य वाटत नाही. त्यांना राज्य हवे होते. साथीदारांच्या घरी चूल पेटत नव्हती.

सरकार इतके का हादरले?

संख्येमुळे नव्हे, जाहीरनाम्यामुळे. गोरगरिबांना काम द्या, करांचा बोजा उतरवा, बड्या युरोपीय अधिकाऱ्यांचे पगार कापा, नाहीतर परिणाम भोगा, असा त्याचा आशय होता. फडके यांना पकडण्यासाठी बक्षीस लागले, तेव्हा त्यांनी उलट गव्हर्नर रिचर्ड टेंपल यांच्याच शिरावर बक्षीस लावले. दरोड्यात अशी मागणी नसते. संशयाची झळ रानडे यांनाही लागली. त्यांची बदली धुळ्याला झाली.

योगायोग असा की त्याच १८७९ मध्ये अमेरिकेत अपाची जमातीचा व्हिक्टोरिओ नेमून दिलेल्या वस्तीतून बाहेर पडून लढत होता. १८८६ मध्ये शरण आलेल्या जेरोनिमोला सरकारने त्याच्या डोंगरांतून उचलून फ्लोरिडाला नेले. १९०९ मध्ये तो कैदी म्हणूनच वारला. डोंगराची ओळख हीच ज्याची ताकद, त्याला डोंगरापासून तोडायचे, हा उपाय दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांना सुचला.

शेवट कसा झाला?

फडके दक्षिणेत श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाकडे गेले, निजामाच्या मुलखात रोहिल्यांची जमवाजमव करू लागले. जुलै १८७९ मध्ये देवर नावदगी येथे तापाने आजारी, झोपेत असताना ते पकडले गेले. पुण्यात खटला चालला. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी बचावाला उभे राहिले. पण फडके यांची रोजनिशी आणि आत्मचरित्र पोलिसांच्या हाती पडले होते. त्यांच्या हातचे लिखाणच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरले. जन्मठेप काळ्या पाण्याची झाली, मुंबई उच्च न्यायालयानेही अपील फेटाळले.

जानेवारी १८८० मध्ये त्यांना बोटीने एडनला नेले. एडन तेव्हा मुंबई इलाख्याच्याच कारभारात होते, त्यामुळे समुद्रापार जाऊनही सरकार तेच. तिथेही त्यांनी कोठडीचे दार बिजागरीतून उखडून पळ काढला. पण तिथे ना रामोशी होते, ना ओळखीचा घाट. काही मैलांवर ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. वय ३७ वर्षे.